मावशीच्या गालावरचा गेरू

माझ्या नवऱ्याच्या मावशीने उभ्या आयुष्यात एकाही माणसाकडे माणूस म्हणून पाहिलं नाही. समोर येईल तो तिच्या लेखी एक मूर्ती होता, आणि तीही रंगकामात कुठेतरी थोडी बिघडलेली. यात तिचा दोष नव्हता. पेणजवळच्या जोहे गावात, भावाच्या गणपतीच्या कारखान्यात, तिने चाळीसेक वर्षं एकच काम केलं होतं, डोळ्यांची आखणी. माती मळणारे वेगळे, साचे भरणारे वेगळे, अंगाला रंग देणारे वेगळे. सगळं झालं की मूर्ती मावशीच्या पुढ्यात यायची आणि ती श्वास रोखून डोळे काढायची. दिवसभर चेहरे नाकासमोर धरून तपासणाऱ्या बाईने एसटीत बसल्यावर समोरच्या माणसाचा चेहरा तपासू नये, ही अपेक्षाच चूक आहे. जोह्याहून पेणला येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरला तिने तिकीट घेता घेता सांगितलं होतं, "तुझा डावा डोळा तांदळाच्या दाण्याएवढा खाली हाय. पन कान झकास लागलेत." तो बिचारा त्यानंतर तिच्याशी कायम उजवी बाजू पुढे करून बोलायचा. एकदा ती आमच्या पेणच्या घरी आलेली असताना नगरपालिकेच्या निवडणुकीतले एक उमेदवार हात जोडून दारात आले, तेव्हा सगळं घर अदबीने उभं राहिलं आणि मावशी म्हणाली, "हात बरोबर जोडलेस. पन मागायला आलास तर डोळे पूर्ण उघडे ठेव, अर्धे मिटलेले आशीर्वाद देनाऱ्याचे असतात." उमेदवार पडले. मावशीला त्याचं आश्चर्य वाटलं नाही.

मी रोह्याची. मला बघायला पेणहून मंडळी आली तेव्हा त्यांच्यात ही होती. बाकीच्यांनी मला नाव, शिक्षण, स्वयंपाक येतो का असले रीतीचे प्रश्न विचारले. मावशी उठली, माझी हनुवटी दोन बोटांत धरली, मला खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "डावी भुवई वर हाय जराशी. हसली की बरोबर होते. चालंल." माझ्या वडिलांनी आयुष्यभर धाटावच्या कंपनीत शिफ्ट केल्या, भल्याभल्या साहेबांना तोंड दिलं, पण या शेऱ्यावर त्यांनी पोहे पुढे केले. मला मात्र राग आला होता. रोह्यात माझ्या चेहऱ्याचं थोडंफार नाव होतं हो! लोक म्हणायचे, आपण कशाला खोटं बोला.

आणि असले शेरे मारणाऱ्या बाईचा स्वतःचा चेहरा कसा होता? तर दोन्ही गालांवर कायम गेरू फासलेला. मूर्तीच्या पाटाला देतात तो तपकिरी रंग काम करता करता तिच्या गालांना लागायचा आणि तो कधी पुसलाच जायचा नाही. कारखान्यात ठीक आहे. पण ही बाई लग्नांना, मुंजींना, हळदीकुंकवालाही तशीच यायची. माझ्या सासूबाई तिच्याहून बारा वर्षांनी धाकट्या. त्या चिडून म्हणायच्या, "अगं ताई, निदान माझ्या लग्नात तरी तोंड धुवायचंस!" मावशीचं उत्तर ठरलेलं, "उद्या परत लागायचाच हाय." पोरंटोरं तिला बघून "मावशी, रंग!" म्हणून ओरडायची आणि ती पदराने गाल पुसल्यासारखं करायची. तिची बाकीची हकिगत घरात एका वाक्यात सांगितली जायची. धरमतरच्या खाडीपलीकडे मिठागरवाल्यांच्या घरात दिली होती, नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, परत आली. एवढंच. त्यात कोणी कधी काही विचारलं नाही, मीही नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मला दिवस गेले आणि सहाव्या महिन्यापासून माझ्या चेहऱ्यावर वांग उठायला लागले. आधी कपाळावर सावली पडल्यासारखं दिसलं, मग नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर तपकिरी नकाशे पसरले. सगळ्या बायका म्हणाल्या, बाळंत झालीस की जातील. मी रोह्याला माहेरी बाळंत झाले, मुलगा झाला, पेढे वाटून झाले, आणि वांग होते तिथेच. उलट आता जास्त ठळक, कारण बाकीची मी फिकी पडले होते. नवरा बदलीवर चंद्रपूरला. त्याने मला डोहाळजेवणात पाहिलेलं, तेही संध्याकाळी, हिरव्या साडीत, फुलांच्या वाडीत. रजा मिळेना म्हणून तो येणार थेट बारशाला, आणि बारसं धरलं सव्वा महिन्याने. सव्वा महिना! मी बाळाला पाजायची, न्हाऊ घालून घ्यायची आणि उरलेल्या वेळात आरशासमोर बसून रडायची. बाळाचा पहिला फोटो काढायला माझा भाऊ कॅमेरा घेऊन आला, तर मी बाळाला आईच्या मांडीवर दिलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. बाळंतपणात चेहऱ्यासाठी रडणारी बाई वेडी दिसते हे मला कळत होतं. कळून काय उपयोग?

मग उपचार सुरू झाले. आईने बेसन आणि साईने घासलं. शेजारच्या काकूंनी दुधात जायफळ उगाळून लावायला सांगितलं, आणखी कोणी लिंबाची फोड, कोणी बटाट्याची, कोणी मसूर डाळीचं खरबरीत पीठ. मी सगळंच केलं, बरेचदा एकाच दिवशी. आठवड्याभरात माझा चेहरा तपकिरीबरोबर लालही झाला. ही बातमी पेणला सासूबाईंकडे पोचली, तिथून जोह्याला. माघी गणपतींची गडबड नुकतीच आटोपली होती, आणि एके दिवशी दुपारी पेण-रोहा गाडीतून मावशी उतरली. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात ब्रशांचा पत्र्याचा डबा, आणि गालांवर गेरू. बाळाकडे तिने उभ्याउभ्या पाहिलं, म्हणाली, "हा बरा हाय. हाताळू नका फार." मग माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. या वेळी बराच वेळ पाहिलं. मी वाट बघत होते, आता काय निकाल देते. ती आत गेली, लिंबं, जायफळ, मसूर पीठ सगळं गोळा केलं आणि आईला म्हणाली, "विहीनबाय, हा चेहरा हाय. त्याला पालिश कागद मारतात काय?"

दुसऱ्या दिवसापासून घरात मावशीचं राज्य सुरू झालं. ती माझ्या चेहऱ्याला कारखान्याचे नियम लावायची. पहिला नियम उन्हाचा. ओली मूर्ती उन्हात ठेवली की तडकते, ती सावलीत सुकवायची. तेव्हा मी ओसरीपर्यंतसुद्धा जायचं नाही. बाळाला कोवळं ऊन दाखवायचं तर मावशी घेऊन जाणार, मी उंबऱ्याच्या आत. दुसरा नियम असा की चेहऱ्याला हात लावायचा नाही. स्नानानंतर ती डब्यातून एक कोरा करकरीत, मऊ केसांचा ब्रश काढायची, वाटीत घरच्या दुधाची ताजी साय आणि दोन थेंब गुलाबपाणी, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत एकेक हात द्यायची. तेवढा वेळ मी बोलायचं नाही, ती तर श्वाससुद्धा घ्यायची नाही. माझा धाकटा भाऊ दारातून विचारायचा, "मावशी, सोंड कधी लावणार?" तिला त्यात काही विनोद दिसत नसे. "सोंड आधी लावतात, मग रंग," ती सांगायची. (पुढे कैक वर्षांनी मी पनवेलला एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी भिंग लावून तपासलं आणि गंभीरपणे सांगितलं, उन्हात जाऊ नका आणि चेहरा घासू नका. मला हसू आवरेना. त्यांना वाटलं बाई विक्षिप्त आहे.)

तिसरा नियम आरशाचा. मावशीने माझ्या खोलीतला आरसा उतरवला आणि धान्याच्या कोठीमागे नेऊन ठेवला. मी भांडले. ती म्हणाली, "कारखान्यात आरसा कशाला असतो ठाव हाय? मूर्ती उलटी दिसली की चूक सापडते. आरसा चुका हुडकायला असतो, गो. सुकायच्या आधी कोनी आरसा धरत नाय." हे सगळं खरं असेल, पण बारसं जवळ येत चाललं होतं, आणि मी चोरून कोठीमागे जाऊन बघत होते. नकाशे जागच्या जागी होते. एका सकाळी तिचा ब्रश गालावर असतानाच मी विचारलं, "मावशी, जातील ना हो हे?"

"जातील तर जातील," ती म्हणाली. "नाय गेले तर पोराचीच निशानी हाय ती. राहू दे."

माझं डोकं फिरलं. इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि ही म्हणते राहू दे! मी तिचा हात बाजूला सारला आणि म्हणाले, "तुम्हाला बोलायला काय जातंय? तुम्हाला एखादं मूल झालं असतं म्हणजे कळलं असतं."

आई स्वयंपाकघरातून धावत आली, "अगं बाई, जिभेला काही हाड?" मावशीने ब्रश पुन्हा वाटीत बुडवला आणि राहिलेला गाल पुरा केला. नेहमीपेक्षा जरा सावकाश केला, एवढंच मला आठवतं. मी माफी मागितली नाही. त्या वयात माणूस आपल्या दुःखात फार मोठा असतो.

बारशाच्या दिवशी सकाळी मी तिच्या पाया पडले. नमस्काराला नव्हे, विनवणीला. म्हटलं, "मावशी, आजच्या दिवसापुरते झाका. हे येणार आहेत, सगळं गाव येणार आहे. तुमच्याइतकं रंगातलं कुणाला कळतं?" ती आधी नाही म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं आणि तिला काय वाटलं देव जाणे, ती डबा घेऊन बसली. रंग तिने लावला नाही, तेवढी ती शुद्धीवर होती. बारीक चाळलेली शाडूची माती, उगाळलेलं चंदन, नखावर मावेल इतका गेरू आणि साय, असा लेप केला. तो माझ्या मनगटावर लावून, दारात नेऊन, पुन्हा आत आणून तासभर रंग जुळवला. आणि मग जो चेहरा केला, तसा चेहरा माझा कधी नव्हता आणि पुढेही झाला नाही. एक डाग दिसेना. सवयीने तिने डोळ्यांची आखणीही करून टाकली, काजळाने, पार कानांच्या दिशेने. आरसा परत आला. मी पाहिलं आणि आनंदाने हसायला गेले, तर हसू आलंच नाही.

शाडू सुकला होता. गाल हलेना, भुवया हलेनात, ओठ जेमतेम उघडत होते. मावशी म्हणाली, "हसू नको, तडकंल." मी हसले नाही. दुपारी बायका जमल्या. मी पाटावर ताठ बसून सगळ्यांकडे एकाच शांत मुद्रेने बघत होते. मंडळी भारावून गेली. "बाळंतपणानं काय तेज आलंय!" "किती गंभीर झाली हो पोर." नागोठण्याच्या एक आजीबाई तर ओटी भरताना माझ्या पायांकडेच वाकल्या, त्यांना दोघींनी धरलं. तेवढ्यात नवरा आला. चंद्रपूरहून दोन दिवसांचा प्रवास करून आलेला, दाढी वाढलेली. त्याने विचारलं, "बरी आहेस ना?" मी नुसती पाहत राहिले. त्याला वाटलं, इतके दिवस आला नाही म्हणून रुसले. त्याने तिथेच, बायकांच्या घोळक्यात, तीनदा माफी मागितली. मी आपली शांत.

मग पाळण्यात घालण्याआधी बाळाला माझ्या मांडीवर दिलं. त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मी रोजच्यासारखी हसले, म्हणजे मनात हसले. वर काहीच हललं नाही. "काय रे सोन्या" म्हणायला गेले, तर दातांतून काहीतरी पुटपुट निघाली. बाळ बघत राहिलं. त्याचा खालचा ओठ थरथरला आणि त्याने जो टाहो फोडला! कोणी म्हणालं दृष्ट लागली, कोणी म्हणालं पोट दुखतंय, कोणी मीठमोहऱ्या आणायला धावलं. मी त्याला छातीशी धरलं, तर त्याने मान मागे टाकून पुन्हा माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि दुप्पट रडायला लागलं. माझं मूल मला ओळखत नव्हतं. रडायला यायलाही चेहऱ्यात जागा नव्हती.

गर्दीतून वाट काढत मावशी पुढे आली. बाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा एकदम पडला. "मूर्ती हसत नाय, गो," ती म्हणाली. "माझ्या ध्यानातच नाय आला." तिने तांब्यातल्या पाण्यात पदर बुडवला आणि माझ्या गालाकडे नेला. मी तिचं मनगट धरलं. डोळ्यांनीच म्हटलं, नको, सगळे आहेत, हे आहेत. मावशी म्हणाली, "सगळे गेले खड्ड्यात. त्याला त्याची आई दे आधी."

आणि तिने पुसलं. ज्या चेहऱ्याला महिनाभर हात लावू दिला नव्हता, तो तिने भर बारशात ओल्या पदराने हलक्या हाताने पुसून काढला. शाडू गेला, काजळ पसरलं, आणि वांग होते तसे, सगळ्यांसमोर उघडे पडले. मी रडले आणि मग रडता रडता हसले, आणि बाळ गप्प झालं. ते माझ्याकडे टक लावून बघत होतं. कुणीतरी म्हणालं, "अगं, मलासुद्धा होते हो थोरल्याच्या वेळी." दुसरी म्हणाली, "माझे तर मानेपर्यंत." पाच मिनिटांत अख्खं बारसं आपापले वांग सांगायला लागलं आणि बाळाच्या कानात नाव सांगायचं राहून गेलं. नवरा जवळ येऊन म्हणाला, "आता ओळखलं." त्याच वेळी भावाने फोटो काढला. त्यात माझं नाक लाल आहे, डोळ्यांचं काजळ हनुवटीवर आलंय, गालांवर दोन नकाशे आहेत, आणि बाळ माझ्याकडे बघतंय. तोच फोटो आमच्या पेणच्या घरात लावलेला आहे. मावशी मात्र त्या गप्पांत बसली नाही. पदर धुवायला मागच्या दारी गेली ती बराच वेळ आलीच नाही. मला वाटलं, काम फसलं म्हणून खट्टू झाली.

माझे वांग वर्षभरात फिके पडले. डाव्या गालाच्या हाडावर एक सावली राहिली, ती राहिली. मावशी जोह्याला परत गेली, डोळे काढत राहिली, आणि सात-आठ वर्षांनी तिचेच डोळे अधू झाले. मग तिने अंथरूण धरलं. भावाकडे करणारं कोणी नव्हतं, म्हणून तिला आम्ही पेणला आणलं. कारखाना सुटून तिला चार महिने झाले होते. एका सकाळी मी तिचं अंग पुसत होते. तोंड पुसताना गालांवरचा गेरू दिसला आणि म्हटलं, हा आज काढूनच टाकू. कोमट पाण्यात फडकं बुडवून मी घासलं. गेला नाही. साबण लावून पुन्हा घासलं. मावशी डोळे मिटून पडली होती. म्हणाली, "किती घासशील, गो? तो कारखान्याचा नाय."

"मग कसला?"

"तुला होता तोच."

ती सांगत होती, अगदी कंडक्टरच्या डोळ्याबद्दल सांगायची त्याच आवाजात. "आठ दिवसांचा व्हता, गेला तेव्हा. बारसा नाय झाला. खाडीपल्याडच्यांनी कोनाला सांगितला नाय, इथं तुझी सासू तेव्हा लहान व्हती. मी परत आले तेव्हा सगळे म्हनाले, तोंडाला रंग लागलाय. म्हटला, म्हनू दे."

"मावशी, मी त्या दिवशी तुम्हाला…"

"तू बरोबर बोललीस. कोनी सांगितलाच नव्हता तुला." मग म्हणाली, "लोक म्हनायचे, पूस. मी पुसल्यासारखा करायची. पुसून गेला असता तर माझ्याजवल त्याचा काय राहिला असता?"

मी तिच्या गालावर हात ठेवून बसून राहिले. हात लावायचा नाही हा तिचाच नियम, पण तो मी मोडला.

पुढच्याच महिन्यात मावशी गेली. जोह्याच्या बायका आल्या. शेवटचं स्नान घालताना कारखान्यातली तिची जुनी सोबतीण डोळे पुसत म्हणाली, "जन्मभर रंगलेल्या तोंडानं फिरली. आज तरी नीट धुऊन देऊ या," आणि तिने साबण हातात घेतला. मी तिचं मनगट धरलं.

"घासू नका," मी म्हटलं. "तेवढा तिला नेऊ द्या."